कॅन वाहिनी

एकाच यंत्रातील अनेक सूक्ष्मनियंत्रकांना दोन तारांच्या सामाईक जोडीवरून परस्परांशी संदेशांची देवघेव करता यावी, यासाठी योजलेली अंकीय संदेशवहन पद्धती. ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘कॅन’ हे संक्षिप्त नाव मिळाले आहे. मूलतः मोटारगाडीसाठी निर्माण झालेली ही पद्धती आता दुचाकी, मालमोटारी, ट्रॅक्टर, उद्वाहक, वैद्यकीय उपकरणे आणि कारखान्यांतील स्वयंचलित यंत्रे यांतही वापरात आहे. वाहनातील इंजिन, ब्रेक, दिवे, दर्शक-फलक व विद्युत् घटमाला यांच्या नियंत्रकांमधील संभाषण मुख्यतः या वाहिनीवरून चालते. त्यामुळे वाहनाची रचना, दुरुस्ती व सुरक्षितता या तिन्ही विषयांत तिचे ज्ञान अपरिहार्य झाले आहे.

आवश्यकता व इतिहास : सूक्ष्मनियंत्रक म्हणजे संस्कारक, स्मृती आणि बाह्य जगाशी जोडणी करणारी मंडले एकाच चकतीवर सामावलेला लहानसा संगणक. १९७० नंतरच्या दशकात इंजिनातील इंधनपुरवठा व ठिणगीची वेळ यांच्या नियंत्रणासाठी असे नियंत्रक गाडीत आले. पाठोपाठ ब्रेक, दंतचक्रपेटी व वातानुकूलन यांनाही स्वतंत्र नियंत्रक मिळाले. इंजिनाची गती ही एकच राशी यांपैकी अनेकांना हवी असते. प्रत्येक नियंत्रक दुसऱ्या प्रत्येकाशी स्वतंत्रपणे जोडावयाचा झाल्यास १० नियंत्रकांसाठी ४५ जोडण्या लागतात आणि २० नियंत्रकांसाठी १९०. तारांचे वजन व किंमत तर वाढतेच, शिवाय प्रत्येक जोडणी हे बिघाडाचे नवे स्थान ठरते.

ही अडचण दूर करण्यासाठी जर्मनीतील रॉबर्ट बॉश या कंपनीने १९८३ मध्ये काम सुरू केले व फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील डिट्रॉइट येथे वाहन-अभियंत्यांच्या परिषदेत ही पद्धती जाहीर केली. या कामात ऊवे कींके यांचा प्रमुख वाटा होता. १९८७ मध्ये इंटेल कंपनीने कॅन नियंत्रकाचे पहिले एकात्मीकृत मंडल बाजारात आणले; लवकरच फिलिप्स कंपनीचे मंडलही आले. १९९१ मध्ये बॉशने विनिर्देशाची दुसरी आवृत्ती काढली आणि १९९३ मध्ये ‘आयएसओ ११८९८’ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले.

भौतिक रचना : कॅन वाहिनीत परस्परांना पीळ दिलेल्या दोन तारा असतात. त्यांना ‘उच्च’ व ‘नीच’ तार म्हणतात. वाहिनीवरील प्रत्येक स्थानकात तीन घटक असतात : (१) सूक्ष्मनियंत्रक, (२) संदेशाची बांधणी व तपासणी करणारा कॅन नियंत्रक आणि (३) अंकीय संकेतांचे तारांवरील विद्युत् दाबांत व दाबांचे पुन्हा संकेतांत रूपांतर करणारा प्रेषग्राही. अनेक आधुनिक सूक्ष्मनियंत्रकांत कॅन नियंत्रक अंगभूतच असतो. प्रेषग्राही मात्र बहुधा वेगळा जोडावा लागतो.

वाहिनीच्या दोन अवस्था असतात. अप्रभावी अवस्थेत दोन्ही तारांवर सु. २.५ व्होल्ट दाब असतो, म्हणजे त्यांतील फरक शून्याच्या जवळपास असतो. प्रभावी अवस्थेत उच्च तार सु. ३.५ व्होल्टपर्यंत चढते व नीच तार सु. १.५ व्होल्टपर्यंत उतरते, फरक सु. २ व्होल्ट होतो. प्रभावी अवस्था म्हणजे ० व अप्रभावी म्हणजे १ असा संकेत आहे. ग्राहक केवळ दोन तारांतील फरक पाहतो. इंजिनाच्या ठिणगीमुळे निर्माण होणारा विक्षोभ पीळ दिलेल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. वाहनासारख्या गोंगाटाच्या परिसरात ही पद्धती टिकून राहण्याचे हे एक मुख्य कारण आहे.

वाहिनीच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक दोन तारांमध्ये जोडतात. तो नसल्यास टोकापर्यंत गेलेला संकेत परावर्तित होऊन पुढील संकेतात मिसळतो. विद्युत् पुरवठा बंद असताना दोन तारांमधील रोध मापल्यास तो ६० ओहम यावयास पाहिजे, कारण दोन रोधक समांतर असतात. १२० ओहम आल्यास एक रोधक नाही किंवा तार मध्येच तुटली आहे असे समजावे. ४० ओहम आल्यास कोठेतरी तिसरा रोधक जोडला गेला आहे. साध्या बहुमापकाने होणारी ही तपासणी वाहन-दुरुस्तीत अत्यंत उपयुक्त ठरते.

वेग आणि लांबी यांचा परस्परसंबंध आहे. सेकंदाला १० लक्ष द्विमान अंक (बिट) हा मूळ पद्धतीचा कमाल वेग असून त्या वेगाला वाहिनीची लांबी सु. ४० मी. पर्यंत ठेवता येते. ५०० किलोबिट वेगाला ती सु. १०० मी., १२५ किलोबिटला सु. ५०० मी. व ५० किलोबिटला सु. १ किमी. पर्यंत वाढविता येते. संकेताला तारेतून एक मीटर जाण्यास सु. ५ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे ४० मी. जाऊन परत येण्यास ४०० नॅनोसेकंद. कमाल वेगाला एका बिटचा काळ १,००० नॅनोसेकंद असतो व त्यातच मंडलांचा विलंबही धरावा लागतो. दूरच्या टोकाचे स्थानक काय म्हणते हे त्याच बिटच्या काळात सर्वांना कळलेच पाहिजे, या अटीमुळे लांबीवर ही मर्यादा येते. ही अट का आवश्यक आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

संदेशाची रचना : कॅन पद्धतीत संदेश कोणा एका स्थानकाला उद्देशून पाठवीत नाहीत. संदेशाला क्रमांक असतो व तो क्रमांक माहितीचा प्रकार दर्शवितो, उदा., ‘इंजिनाची गती’ किंवा ‘चाकाचा वेग’. संदेश सर्वांना ऐकू जातो व ज्याला हवा तो तो घेतो. त्यामुळे जुन्या स्थानकांत काहीही बदल न करता नवे ऐकणारे स्थानक जोडता येते.

प्रमाणभूत संदेशात अनुक्रमे पुढील भाग असतात : आरंभाचा १ बिट, ११ बिटांचा क्रमांक, संदेशाचा प्रकार सांगणारे ३ बिट, माहितीची लांबी सांगणारे ४ बिट, ० ते ८ बाइट माहिती, १५ बिटांचा चक्रीय पडताळा व त्याचा १ विभाजक, पोच देण्यासाठी १ बिट व त्याचा १ विभाजक, शेवटचे ७ बिट. त्यानंतर ३ बिटांचा विराम असतो. ८ बाइट माहितीच्या संदेशाला विरामासह १११ बिट लागतात. विस्तारित प्रकारात क्रमांक २९ बिटांचा असतो. ११ बिटांत २,०४८ भिन्न क्रमांक मावतात, तर २९ बिटांत ५३ कोटींहून अधिक.

एकाच प्रकारचे पाच बिट सलग आल्यास प्रेषक त्यांच्यामागून विरुद्ध प्रकारचा एक ‘भरण बिट’ घालतो व ग्राहक तो काढून टाकतो. वाहिनीवर कालदर्शक संकेतासाठी वेगळी तार नसते. अवस्था बदलण्याच्या क्षणांवरूनच ग्राहक आपले घड्याळ जुळवून घेतात. हे बदल पुरेशा वेळा घडावेत म्हणून भरण बिटांची योजना आहे. त्यांच्यामुळे वरील १११ बिटांचा संदेश अधिकात अधिक १३५ बिटांपर्यंत वाढू शकतो. ५०० किलोबिट वेगाला असा संदेश २७० मायक्रोसेकंद वाहिनी व्यापतो. तो दर १० मिलिसेकंदांनी पाठविल्यास वाहिनीचा २.७ टक्के वेळ खर्ची पडतो आणि असे २० संदेश असल्यास ५४ टक्के. नव्या यंत्रणेची आखणी करताना हा हिशेब आधीच करावयाचा असतो.

अग्रक्रमाचा निर्णय : दोन स्थानकांनी एकाच क्षणी बोलण्यास सुरुवात केल्यास काय होते, या प्रश्नाचे उत्तर हा कॅन पद्धतीचा गाभा आहे. एस. टी. बसच्या छताला बांधलेली घंटीची दोरी डोळ्यांसमोर आणावी. दोरी कोणीही ओढली तरी घंटा वाजते. कोणीच ओढली नाही तरच ती गप्प राहते. दोरी ओढणे म्हणजे प्रभावी अवस्था व न ओढणे म्हणजे अप्रभावी अवस्था. ज्याने स्वतः दोरी ओढलेली नाही त्याला घंटा ऐकू आली, तर दुसरे कोणीतरी ती ओढीत आहे हे त्याला निश्चित कळते.

प्रत्येक स्थानक क्रमांकाचा एकेक बिट पाठविताना वाहिनीकडेही पाहत असते. स्वतः अप्रभावी बिट पाठविला असता वाहिनी प्रभावी दिसली, तर ते स्थानक त्याच क्षणी थांबते व ऐकू लागते. समजा, ‘क’, ‘ख’ व ‘ग’ या तीन स्थानकांनी एकदम अनुक्रमे ३२०, ३५२ व ५१२ या क्रमांकांचे संदेश सुरू केले. द्विमान पद्धतीत हे क्रमांक असे आहेत :

क : ००१ ०१०० ००००
ख : ००१ ०११० ००००
ग : ०१० ०००० ००००

पहिला बिट सर्वांचा सारखा आहे. दुसऱ्या बिटला ‘ग’ १ पाठवितो, पण इतरांच्या ० मुळे वाहिनी प्रभावी राहते. ‘ग’ माघार घेतो. सहाव्या बिटला याच कारणाने ‘ख’ माघार घेतो. ‘क’ ला आपल्याशी कोणी स्पर्धा केली हेही कळत नाही. त्याचा संदेश एकही बिट वाया न जाता पूर्ण होतो. वाहिनी मोकळी होताच ‘ख’ व ‘ग’ पुन्हा प्रयत्न करतात. यावरून लहान क्रमांकाला वरचा अग्रक्रम मिळतो हे दिसून येईल. म्हणूनच ब्रेकच्या संदेशाला लहान व खिडकीच्या काचेच्या संदेशाला मोठा क्रमांक देतात. एकच क्रमांक दोन स्थानकांना माहिती पाठविण्यासाठी देऊ नये, कारण तसे झाल्यास निर्णय क्रमांकात न होता माहितीत टक्कर होते व त्रुटी उद्‌भवते.

त्रुटिनिवारण : संदेश बिनचूक मिळाल्यास प्रत्येक ग्राहक पोचेच्या बिटमध्ये वाहिनी प्रभावी करतो. पोच न आल्यास प्रेषक संदेश पुन्हा पाठवितो. त्रुटी पाच प्रकारे ओळखल्या जातात : पाठविलेला व दिसलेला बिट भिन्न असणे, भरणाचा नियम मोडणे, पडताळा न जुळणे, ठराविक जागी ठराविक बिट नसणे आणि पोच न मिळणे. त्रुटी आढळताच स्थानक सलग सहा प्रभावी बिट पाठवून चालू संदेश सर्वांसाठी रद्द करते. परिणामी संदेश काहींना मिळाला व काहींना नाही अशी स्थिती सहसा उद्‌भवत नाही.

मात्र एखादे स्थानकच नादुरुस्त असल्यास ते सर्वांचे संदेश रद्द करीत राहील. हे टाळण्यासाठी प्रत्येक स्थानकात दोन त्रुटिगणक असतात. प्रेषणातील त्रुटीला गणक ८ ने वाढतो व यशस्वी संदेशाला १ ने घटतो. गणक १२७ च्या वर गेल्यास स्थानकाला इतरांचे संदेश रद्द करण्याचा अधिकार राहत नाही. प्रेषणाचा गणक २५५ च्या वर गेल्यास स्थानक वाहिनीपासून स्वतःला तोडून घेते. आपल्या दोषाची शंका येताच स्वतःहून बाजूला होणे ही या पद्धतीतील शिस्त ब्रेकसारख्या यंत्रणांच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

दोन सूक्ष्मनियंत्रकांची पहिली जुळणी : अभ्यासकाला आरंभ करण्यासाठी दोन सूक्ष्मनियंत्रक-पट्ट, दोन कॅन संच, दोन रोधक व पीळ दिलेली तारेची जोडी एवढे साहित्य पुरते. ‘आर्डुइनो उनो’ या पट्टात कॅन नियंत्रक नसतो. म्हणून त्याला ‘एमसीपी २५१५’ नियंत्रक व ‘टीजेए १०५०’ प्रेषग्राही असलेला स्वस्त संच जोडतात. पट्ट व संच यांमधील संभाषण एसपीआय या चार तारांच्या क्रमिक जोडणीने होते. पाचवी तार संदेश आल्याची वर्दी देते. ‘ईएसपी३२’ व ‘एसटीएम३२’ या कुलांतील अनेक सूक्ष्मनियंत्रकांत कॅन नियंत्रक अंगभूत असतो. त्यांना फक्त प्रेषग्राही लागतो. ‘टीजेए १०५०’ ला ५ व्होल्ट पुरवठा लागतो, तर ‘ईएसपी३२’ ची टोके ३.३ व्होल्टसाठी आहेत. त्यांची थेट जोडणी करू नये. तेथे ‘एसएन६५एचव्हीडी२३०’ यासारखा ३.३ व्होल्टवर चालणारा प्रेषग्राही योग्य होय.

जुळणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. (१) प्रथम एकाच स्थानकात नियंत्रकाची ‘प्रतिवर्ती’ अवस्था निवडावी. तीत पाठविलेला संदेश बाहेर न जाता आतूनच परत येतो. संदेश परत आल्यास एसपीआय जोडणी व आज्ञावली ठीक आहेत असे समजावे. (२) दोन्ही स्थानकांच्या उच्च तारा एकमेकींना व नीच तारा एकमेकींना जोडाव्यात; भूतारही सामाईक असावी. (३) दोन्ही टोकांना रोधक बसवून रोध ६० ओहम येतो का ते पाहावे. अनेक संचांवर हा रोधक आधीच असतो व तो एका लहान जोड-टोपीने चालू-बंद करता येतो. (४) दोन्हींकडे एकच वेग ठरवावा. (५) एका स्थानकाने दर सेकंदाला एक संदेश पाठवावा व दुसऱ्याने तो दर्शवावा.

वेग ठरविताना बिटच्या काळाचे समान कालांश पाडतात. ‘एमसीपी २५१५’ ला १६ मेगॅहर्ट्‌झचा स्फटिक जोडल्यास सर्वांत लहान कालांश १२५ नॅनोसेकंदांचा मिळतो. ५०० किलोबिट वेगाला बिटचा काळ २,००० नॅनोसेकंद, म्हणजे १६ कालांश. त्यांपैकी १ घड्याळ जुळविण्यासाठी, ७ तारेतील विलंबासाठी, ६ पहिल्या व २ दुसऱ्या समायोजनासाठी ठेवल्यास बिटचे वाचन १४ व्या कालांशाच्या शेवटी, म्हणजे ८७.५ टक्के काळ गेल्यावर होते. बाजारातील पुष्कळ संचांवर १६ ऐवजी ८ मेगॅहर्ट्‌झचा स्फटिक असतो. आज्ञावली १६ मेगॅहर्ट्‌झ गृहीत धरून लिहिलेली असल्यास प्रत्यक्ष वेग निम्मा, म्हणजे २५० किलोबिट होतो व दुसऱ्या स्थानकाशी संभाषण होत नाही. म्हणून स्फटिकावरील आकडा आधी वाचावा.

नवशिक्यांना चकविणारी आणखी एक गोष्ट अशी की, एकटे स्थानक संदेश यशस्वीपणे पाठवूच शकत नाही. ऐकणारा कोणी नसल्याने पोच येत नाही व तोच संदेश पुनःपुन्हा पाठविला जातो. स्थानक नादुरुस्त आहे असा यावरून समज होतो. वस्तुतः त्याला केवळ श्रोता नसतो.

माहितीचा अर्थ कॅन पद्धती ठरवीत नाही. तो जोडणाऱ्यांनी आपसांत ठरवावा लागतो. उदा., ९०.५° से. तापमान ०.१ अंशाच्या एककात ९०५ होते व दोन बाइटांत ते ३ आणि १३७ असे मांडले जाते (३ × २५६ + १३७). ग्राहकाने बाइटांचा क्रम उलटा धरल्यास तेच ३,५०७.५° से. वाचले जाईल. असा संदेश पडताळ्याच्या दृष्टीने निर्दोषच असतो. म्हणून प्रत्येक क्रमांकाचा अर्थ, बाइटांचा क्रम, एकक व पाठविण्याचा काळ यांचा तक्ता आज्ञावली लिहिण्यापूर्वी तयार करावा.

नको असलेले संदेश गाळण्यासाठी नियंत्रकात गाळण्या व मुखवटे असतात. मुखवट्याने क्रमांकाचे कोणते बिट तपासावयाचे ते ठरते. गाळणीत ३२० हा क्रमांक ठेवून शेवटचे पाच बिट न तपासण्याचे ठरविल्यास ३२० ते ३५१ हे सर्व क्रमांक आत येतात व बाकीचे बाहेरच राहतात.

वाहनाशी जोडणी : मोटारगाडीतील सोळा टोकांच्या निदान-खोबणीत ६ व्या व १४ व्या टोकांवर अनुक्रमे कॅनची उच्च व नीच तार असते. गाडीत दोन अंत्यरोधक आधीच असल्यामुळे जोडावयाच्या संचावरील रोधक काढून ठेवावा. चालू वाहिनीवर प्रथम ‘केवळ श्रवण’ अवस्थेतच जोडणी करावी. अन्यथा वेग चुकीचा असल्यास नवखे स्थानक प्रत्येक संदेशात त्रुटी पाहील व तो रद्द करील. इंजिन व ब्रेक यांच्या नियंत्रकांमधील संभाषण त्यामुळे खंडित होऊ शकते. असे प्रयोग उभ्या गाडीवरच करावेत.

निदानासाठीचे काही प्रश्न प्रमाणित केलेले आहेत. इंजिनाची गती विचारण्यासाठी २०१५ (षोडशमान पद्धतीत ७डीएफ) या क्रमांकाखाली २, १, १२ हे बाइट पाठवितात. इंजिनाचा नियंत्रक बहुधा २०२४ (७ई८) या क्रमांकाखाली उत्तर देतो व त्यातील चौथ्या आणि पाचव्या बाइटांवरून गती काढतात. पहिल्याला २५६ ने गुणून त्यात दुसरा मिळवावा व बेरजेला ४ ने भागावे. हे बाइट १२ व १२८ असल्यास गती मिनिटाला ८०० फेरे येते. याखेरीज वाहिनीवर वाहणाऱ्या बहुसंख्य संदेशांचे अर्थ उत्पादक उघड करीत नाहीत. यामुळे अधिकृत केंद्राबाहेरील दुरुस्ती-कारागिराला अनेक दोषांच्या मुळाशी जाता येत नाही. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी जे संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे.

छत्रपती संभाजीनगर परिसर : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे वाहन व वाहनघटक यांच्या उत्पादनाचे महाराष्ट्रातील एक प्रमुख केंद्र आहे. वाळूज येथे बजाज ऑटो कंपनीचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. एंड्युरन्स टेक्नॉलॉजीज व व्हेरॉक या वाहनघटक बनविणाऱ्या कंपन्यांची मुख्य कार्यालये याच परिसरात आहेत. शेंद्रा येथे स्कोडा कंपनीच्या कारखान्यात २००१ मध्ये ‘ऑक्टाव्हिया’ गाडीची जुळणी सुरू झाली.

दुचाकीच्या बाबतीत हा विषय तुलनेने अलीकडचा आहे. सुईच्या वेगदर्शकाला चाकापासून फिरती तार आणि कार्ब्युरेटरला हाताने लावलेला स्क्रू पुरत असे. तेथे संदेशवहनाची गरज नव्हती. १२५ घ. सेंमी. पेक्षा मोठ्या इंजिनाच्या दुचाकींना चाक अडकू न देणारी ब्रेक यंत्रणा नव्या नमुन्यांसाठी १ एप्रिल २०१८ पासून व सर्वांसाठी १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे उत्सर्जन-निकष लागू झाले व त्यांच्याबरोबर वाहनांतर्गत दोषनिदानही आले. ब्रेक, इंधन-अंतःक्षेपण व अंकीय दर्शक-फलक यांचे नियंत्रक एकाच दुचाकीत आल्यावर त्यांना जोडणाऱ्या वाहिनीची गरज निर्माण झाली. विद्युत् वाहनांत घटमालेची देखरेख करणारा नियंत्रक, चलित्राचा नियंत्रक व प्रभारक यांची देवघेव सामान्यतः कॅनवरून होते. भारतात वापरलेल्या ‘भारत डीसी-००१’ या प्रभारण-पद्धतीत प्रभारक व वाहन यांमधील संभाषणही कॅनवरूनच होते. एथर एनर्जी कंपनीने २०२४ मध्ये ऑरिक या औद्योगिक नगरीच्या बिडकीन विभागात विद्युत् दुचाकींचा कारखाना उभारण्याचे जाहीर केले.

या बदलाचा परिणाम कारागिराच्या कौशल्यावर होतो. पूर्वी कानाने इंजिनाचा आवाज ऐकून व हाताने ठिणगी पाहून होणारे निदान आता अपुरे पडते. एका तुटलेल्या अंत्यरोधकामुळे दर्शक-फलकावर ब्रेक, इंजिन व घटमाला यांचे इशारे एकाच वेळी उमटू शकतात. हे न जाणणारा कारागीर एकामागून एक महागडे नियंत्रक बदलीत जातो व ग्राहकाला त्याचा भुर्दंड पडतो. शहरात १९६० मध्ये स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान संस्थेचे (नायलिट) केंद्र यांतून अभियंते तयार होतात. परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या कारागिरालाही रोध मापणे, दाब पाहणे व संदेश वाचणे एवढे आले पाहिजे. वर वर्णन केलेली दोन स्थानकांची जुळणी त्यासाठी पुरेशी आहे.

मर्यादा व सुरक्षितता : कॅन पद्धती ज्या काळी आखली गेली त्या काळी गाडीचा बाह्य जगाशी विद्युत् संबंध नव्हता. वाहिनीवर असलेले प्रत्येक स्थानक विश्वासार्ह आहे, हे तिचे मूळ गृहीत आहे. संदेशात प्रेषकाची ओळख नसते. ब्रेकच्या नियंत्रकाचा क्रमांक वापरून अन्य कोणीही संदेश पाठविल्यास ग्राहक तो खराच मानतो. पडताळा अपघाती चुका ओळखतो, हेतुपुरस्सर केलेली फसवणूक नव्हे. २०१५ मध्ये चार्ली मिलर व ख्रिस व्हॅलासेक या अमेरिकन संशोधकांनी एका जीप गाडीच्या मनोरंजन-यंत्रणेतून दूरध्वनी-जालाद्वारे आत शिरून तिच्या नियंत्रणांवर दुरून ताबा मिळविता येतो, हे दाखवून दिले. त्यानंतर संबंधित कंपनीने अमेरिकेतील सु. १४ लक्ष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. तेव्हापासून बाह्य जगाशी जोडलेली वाहिनी व ब्रेक-इंजिनाची वाहिनी यांच्यामध्ये द्वारपालाचे काम करणारा नियंत्रक ठेवणे आणि महत्त्वाच्या संदेशांना सत्यतेची खूण जोडणे यांवर भर देण्यात येत आहे. बाजारात मिळणारी अनोळखी साधने निदान-खोबणीत कायमची जोडून ठेवणे याच कारणाने धोक्याचे ठरते.

८ बाइटांच्या संदेशात अशा खुणेसाठी जागा फार थोडी उरते. बॉश कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केलेल्या ‘कॅन एफडी’ या सुधारित पद्धतीत एका संदेशात ६४ बाइट मावतात व माहितीचा भाग अधिक वेगाने पाठविता येतो. २०१५ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय मानकात समावेश झाला. मूळ पद्धतीचे नियंत्रक मात्र तिचे संदेश त्रुटी समजून रद्द करतात. म्हणून एकाच वाहिनीवर दोहोंची सरमिसळ करीत नाहीत. ‘कॅन एक्सएल’ या त्यापुढील पद्धतीत संदेशाची मर्यादा २,०४८ बाइटांपर्यंत वाढविली आहे. छायाचित्रकांकडून येणाऱ्या विपुल माहितीसाठी वाहनांत ईथरनेटचाही वापर होत आहे. तथापि दोन तारा, स्वस्त मंडले व स्वतःचा दोष ओळखण्याची शिस्त या गुणांमुळे मूळ कॅन वाहिनी साध्या व महत्त्वाच्या नियंत्रणकार्यांत आपले स्थान टिकवून आहे.